सूचीतली रिकामी चौकट

ज्या जमिनीवर आपण स्वतः जाऊन उभे राहिलो नाही, त्या जमिनीला ट्रेसरकाका रंग लावत नसत. त्यांनी तशी कुठे शपथबिपथ घेतली नव्हती. पण अख्ख्या नव्या शहराचा नकाशा रंगवायचं काम ज्याच्याकडे, त्याला अशी सवय असणं म्हणजे ऑफिसला डोकेदुखीच होती. साहेबांनी एखाद्या पट्ट्यात पिवळा भरायला सांगितला की काका चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "ही जागा कुठे आली?" मग रविवारी घडी केलेला प्रिंट, छत्री आणि डबा घेऊन ते तिथे जाऊन येत आणि सोमवारी त्यांचा ब्रश पाण्यात बुडे. तोवर साहेबांनी कितीही आदळआपट केली तरी तो पट्टा कोराच राही.

हे सत्तरच्या दशकातलं. खाडीवरचा पूल नवा होता, वाशीत इमारतींपेक्षा खड्डे जास्त होते आणि आमचं ऑफिस एका पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये होतं. आत इंजिनियर लोक पेन्सिलीने शहर आखत. त्यावर पारदर्शक ट्रेसिंग कागद पसरून आम्ही ट्रेसर मंडळी ते शाईने उतरवत असू. त्याचे प्रिंट निघत आणि त्यावर हाताने रंग चढे. राहायच्या जागेला पिवळा, दुकानांना निळा, कारखान्यांना जांभळा, मैदानांना हिरवा. कोपऱ्यात एक चौकोन असे, त्याला आम्ही सूची म्हणायचो. कुठली खूण म्हणजे काय, ते त्यात लिहिलेलं. माणसं पुढे कुठे झोपणार, कुठे राबणार आणि कुठे खेळणार, ते त्या टेबलांवर ठरत होतं. आम्हाला त्याचं फारसं काही वाटत नसे, कारण आमचं सगळं लक्ष शाई सांडू नये याकडे.

काकांचं खरं आडनाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते कुणी वापरत नसे. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना ट्रेसरकाकाच म्हणत. उंच, वाळकी मूर्ती, पांढरा शर्ट, उजव्या बाहीवर जुन्या पायजम्याच्या कापडाचा शिवलेला गवसणीसारखा एक तुकडा. शाईच्या दिवशी ते डोक्याला तेल लावत नसत आणि शिंक आली तर उठून बाहेर जात. एकदा एका नवीन मुलाने शीटजवळ केळं सोलायला घेतलं, तेव्हा काकांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो केळ्यासकट शेडबाहेर गेला.

मी नोकरीला लागले तेव्हा त्या शेडमध्ये मी एकटीच मुलगी होते, आणि वर डावखुरी. सगळी टेबलं अशी मांडलेली की खिडकीचा उजेड डावीकडून यावा. उजव्या हाताने रेघ मारणाऱ्याला ते बरं पडतं. मी मारायला लागले की माझ्याच हाताची सावली रेघेवर पडे. दोन दिवस मी तशीच चाचपडत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आले तर माझं टेबल उलटं फिरवून पलीकडच्या खिडकीला लावलेलं. "आता तू आमच्याकडे तोंड करून बसशील," काका म्हणाले, "आम्ही नीट काम करतो का बघ." सबंध शेडमध्ये एवढं एकच टेबल उलटं होतं. पुढची कितीतरी वर्षं ते तसंच राहिलं.

शाई चुकली तर ती पुसता येत नाही. अर्धं ब्लेड घेऊन ती हलक्या हाताने खरवडायची आणि मग ती जागा नखाने घोटायची, म्हणजे कागद पुन्हा गुळगुळीत होतो. हे मला काकांनीच शिकवलं. माझा हात फार सफाईदार झाला आणि मला त्याचा बऱ्यापैकी माजही आला. प्रिंट काढला की कुठे काय खरवडलंय ते कुणाच्या बापाला कळत नसे. काका मात्र प्रत्येक ट्रेसिंग काढून खिडकीशी जात आणि दोन्ही हातांनी उजेडाला धरत. "प्रिंटवर लपतं," ते म्हणत, "उजेडात नाही लपत." मग जिथे जिथे ब्लेड चाललंय तिथे तिथे कागद धुरकट दिसे, आणि आपली गेल्या आठवड्याची सगळी पापं समोर लटकलेली असत.

पावण्याचं शीट रंगवताना त्यांनी साहेबांचा अंत पाहिला. पावणे गाव कारखान्यांच्या पट्ट्याच्या मधोमध आलेलं. चारही बाजूंनी जांभळा आणि मध्ये मुठीएवढं गावठाण. आम्ही कुणी असतो तर मोठा ब्रश फिरवून तासाभरात मोकळे झालो असतो. काकांनी सगळ्यात बारीक ब्रशने आधी गावाच्या कडेकडेने रंग लावला आणि त्यात सबंध दिवस घालवला. साहेब दोनदा येऊन घड्याळ बघून गेले. काका मान वर न करता एवढंच म्हणाले की जांभळ्याचा थेंब आत गेला तर पुसून निघत नाही. तो दिवस काकांनी फुकट घालवला असं तेव्हा मलाही वाटलं होतं.

एवढी काळजी कशाला, हे मी एकदा डबा खाताना विचारलं. काका महाडकडच्या एका खेड्यातले. लहानपणी शाळेत मास्तरांनी गावाचा नकाशा भिंतीला लावला, तेव्हा सगळी मुलं आपापलं घर शोधायला धावली. काकांना त्यांचं सापडेना. त्यांची वस्ती गावठाणाच्या रेघेच्या पलीकडे, ओढ्याजवळ. मास्तरांनी बोट ठेवून दाखवलं, तिथे लिहिलं होतं, 'पडीक'. "मी घरी जाऊन आईला सांगितलं, आपण पडीकात राहतो," काका म्हणाले. "ती भाकरी थापत होती. म्हणाली, मग आता पडीकाने जेवून घ्यावं." ते सांगताना काका हसले, मीही हसले. पण त्यानंतर सर्वेच्या वहीत 'पडीक' हा शब्द आला की माझी नजर आपोआप काकांकडे जाई.

दिवाळ्याच्या बाबतीत तोच शब्द आला. बेलापूरच्या खाडीलगतचं हे कोळ्यांचं गाव. गावाच्या अंगाला एक मोठी मोकळी जागा होती आणि वहीत तिच्यापुढे 'पडीक' अशी नोंद होती. आराखड्याच्या मसुद्यात इंजिनियरांनी ती पिवळ्यात धरली होती, म्हणजे पुढे तिथे प्लॉट पडणार; रंग तेवढा भरायचा होता. मसुदा गावागावांत लावला होता आणि कुणाला हरकत असेल तर ठराविक मुदतीत लेखी कळवा, अशी नोटीस होती. काकांनी अजून त्या जागेवर पाय ठेवला नव्हता. हिवाळ्यातल्या एका रविवारी ते निघाले आणि मीही बरोबर गेले.

ते पडीक पाहून मी थक्क झाले. अख्खी जागा चोपून सारवलेली आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत पसरलेला, लालसर, उन्हात चमकणारा. बायका वाकून हाताने तो उलटत होत्या. सर्वे झाला होता आषाढात. तेव्हा होड्या ओढून वर घेतलेल्या असतात, मासळी वाळत नाही आणि त्या जागेवर गवत उगवतं. सर्वेवाल्यांनी गवत पाहिलं आणि पडीक लिहिलं. त्यात त्यांनी खोटं असं काहीच लिहिलं नव्हतं.

तिथल्या बायकांत एक पारूनानी होती. ठेंगणी, ठसठशीत, कासोटा घट्ट आवळलेली. कोण तुम्ही, कशाला आलात, असं तिने आधी चांगलं खडसावून विचारलं. काकांनी जागा कुणाची म्हणून विचारलं तर म्हणाली, "कोनाची नाय. सगल्यांची हाय." मग तिनेच फिरून दाखवलं. हा अमकीचा तुकडा, तो तमकीचा, सासूकडून सुनेकडे आलेला. मध्ये रेघ नाही, दगड नाही, पण एकीचा जवळा दुसरीच्या अंगणात चार बोटंही जात नव्हता. काकांनी पावलं मोजत सगळी जागा पायाखाली घातली आणि प्रिंटवर पेन्सिलीने टिपून घेतली.

गावच्या मास्तरांनी बायकांना नोटीस वाचून दाखवली होती आणि अर्ज लिहून द्यायला ते तयार होते. अंगठे लावायचे तेवढे बाकी होते. पारूनानीने काकांना विचारलं की अर्ज देऊ का. काका म्हणाले, "अर्ज फाइलीत जातो, नानी. मी तुम्हाला नकाशातच घालतो. मग हरकत कशाला घ्यायची?" मी त्यांना तोवर कुणालाही शब्द देताना पाहिलं नव्हतं. नकाशावर जे शाईने उतरलं ते कायमचं उतरलं, असा त्यांचा भाबडा विश्वास होता, आणि आम्हा ट्रेसर लोकांशिवाय तो दुसऱ्या कुणाचाही नसेल. निघताना नानीने वर्तमानपत्रात जवळ्याची पुडी बांधून त्यांच्या पिशवीत टाकली. त्यानंतर काका दोन-तीनदा दिवाळ्याला गेले आणि प्रत्येक वेळी पुडी घेऊन आले. हरकतींची मुदत संपली. दिवाळ्याहून अर्ज आला नाही.

पक्कं शीट काकांनी स्वतः उतरवलं, त्यावरची अक्षरं तेवढी माझी. त्या जागेवर त्यांनी बारीक बारीक ठिपके दिले, एकेक मोजून मापून, जवळा पसरल्यासारखे. अशी खूण आमच्या सूचीत नव्हती. तेवढ्यात गावाहून आई आजारी असल्याची तार आली. जाताना ते मला म्हणाले की ठिपक्यांना सूचीत काय म्हणायचं ते मी आल्यावर साहेबांशी बोलून लिहितो, तोवर त्यांना हात लावू नकोस. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसातून शीट ताबडतोब मागवलं. साहेब माझ्या टेबलाशी आले, त्यांनी सगळं बारकाईने पाहिलं आणि माझ्या अक्षराचं तोंडभरून कौतुक केलं. मी फुगले. मग त्यांचं बोट ठिपक्यांवर थांबलं. ही कसली घाण, त्यांनी विचारलं. सूचीत नाही ते शीटवर नको, आत्ताच्या आत्ता साफ कर. साहेबांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, नियम तोच होता आणि त्या जागेवर काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. 'साहेब, तिथे बायका मासळी वाळवतात' एवढंच, एका श्वासाचं वाक्य होतं. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती आणि कौतुक अजून कानात होतं. मी ब्लेड घेतलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकही ठिपका उरला नाही. वर नखाने ती जागा छान घोटली. त्या कामाइतकं सफाईदार काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल.

काका आले ते आईचं सगळं करूनच, डोकं भादरलेलं नव्हतं पण चेहरा उतरलेला. त्या वेळी कसं सांगायचं, म्हणून मी गप्प राहिले. मग उद्या सांगू म्हणून गप्प राहिले. दोन आठवड्यांनी मंजूर नकाशाचा प्रिंट भिंतीवर लागला. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मग रेकॉर्डमधून ट्रेसिंग मागवून खिडकीशी गेले आणि दोन्ही हातांनी उजेडाला धरलं. माझं टेबल उलटं, त्यामुळे मला ते समोरच दिसत होते आणि मान खाली घातली तरी दिसत होते. त्यांनी ट्रेसिंगची नीट गुंडाळी केली, शिपायाच्या हातात दिली आणि जागेवर जाऊन बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्यांनी नियमाप्रमाणे वर टिपण पाठवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं: मुदतीत सदर जागेबाबत गावातून हरकत प्राप्त नाही. अर्ज आला असता तर जागा वाचली असती का, कोण जाणे. पण निदान कुणीतरी त्या दोन ओळी वाचल्या असत्या.

काका स्वतः दिवाळ्याला सांगायला निघाले. मीही गेले, सगळं कबूल करायचं असं ठरवून. रस्ताभर वाक्य जुळवत होते. पण पारूनानी समोर आली तसे काकाच बोलले. म्हणाले, "नानी, नकाशात तुमची खूण राहिली नाही. सूचीत लिहायची माझ्याकडून राहिली. चूक माझी आहे." मी शेजारी उभी होते. नानीने हातातला जवळा खाली ठेवला. "तुमी सांगितलं म्हनून आमी अर्ज नाय केला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. काकांनी मान हलवली. निघताना सवयीने त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं होतं. नानी पाठ फिरवून जवळा उलटायला लागली. पिशवी उघडी आहे हे काकांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, मग त्यांनी ती हळूच मिटली. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी माझ्या नखांकडे.

त्यानंतर काकांच्या प्रत्येक शीटवर एक नवी सवय आली. सूचीच्या तळाशी ते एक चौकट रिकामी ठेवत. तिच्यात खूण नाही, पुढे शब्द नाही. साहेबांनी विचारलं तर म्हणत, "काही राहिलं असेल तर." चार-सहा वेळा वाद झाला, मग साहेबांनीच नाद सोडला. मला मात्र ती चौकट प्रत्येक शीटवर दिसे. मी ती स्वतःच्या हाताने किती तरी वेळा उतरवली आहे.

ऐंशीच्या दशकात ते निवृत्त झाले. हार झाला, नारळ झाला, साहेबांचं भाषण झालं. सगळे पांगल्यावर काका ड्रॉवर रिकामा करत होते तेव्हा मी जवळ गेले आणि म्हटलं, "काका, दिवाळ्याचे ठिपके मी खरवडले होते." ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, "माहीत आहे. डाव्या हाताचे ओरखडे उलटे पडतात. इथे दुसरं डावखुरं कोण होतं?" मला रडू आलं. मग तुम्ही बोलला का नाहीत, मी विचारलं. ते म्हणाले की तुझी नोकरी गेली असती आणि जागा काही परत आली नसती. मला वाटलं, झालं, सुटले मी. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण मला सांगून काय उपयोग, पोरी? जवळा माझा नव्हता. नानीला सांग."

मी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं, मग गणपती झाल्यावर म्हटलं, मग माझं लग्न आलं, मूल आलं. दिवाळे वाशीपासून काही काशी-रामेश्वर नव्हे. बसने जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येतं. पण मला काही ना काही निमित्त सापडत गेलं आणि वर्षं निघून गेली. दिवाळ्याच्या त्या जागेवर प्लॉट पडले, इमारती उभ्या राहिल्या, त्यांना सोसायटीचं फाटक लागलं. काका मधूनमधून भाजी आणताना दिसत. ख्यालीखुशाली विचारत, नानीचं एका शब्दाने विचारत नसत. ते न विचारणं मला फार जड जाई. मग एका सकाळी ऑफिसात कुणीतरी सांगितलं की ट्रेसरकाका गेले. झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा त्यांच्या घरात माणसं बुद्धवंदना म्हणत बसली होती आणि भिंतीवर त्यांचा तो बाहीचा तुकडा खिळ्याला तसाच अडकवलेला होता.

त्यानंतरच्या रविवारी मी दिवाळ्याला गेले. जवळा आता नव्या रस्त्याच्या कडेला पसरलेला होता. गाड्या हॉर्न वाजवत त्याच्या अंगावरून धूळ उडवत जात होत्या. पारूनानी एका पोत्यावर बसली होती, पार वाकलेली. तिने मला ओळखलं नाही. मग नकाशावाल्या काकांबरोबर यायचे मी, असं सांगितलं, तेव्हा तिचे डोळे बारीक झाले. तिने वर्तमानपत्राचा तुकडा घेतला, दोन मुठी जवळा त्यात बांधला आणि माझ्या पिशवीत ठेवला. "त्याला दे," ती म्हणाली. "त्या दिशी मी रागानं दिला नाय. मंग तो कवा आलाच नाय. माजा जीव खातो गो ता."

काका गेले, हे मी तिला सांगितलं. आणि मग, रस्त्याच्या कडेला उभी राहून, बाकीचंही सांगितलं. ठिपके काय होते, ते कुणी काढले, काकांनी तिच्यासमोर चूक कुणाची सांगितली आणि त्या वेळी मी शेजारी कशी गप्प उभी होते. एवढ्या वर्षांत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही कामाला आलं नाही, तुटक तुटकच बोलले.  एक टेम्पो गेला, नानीने पदराने तोंड झाकलं आणि धूळ बसल्यावर काढलं.

माझी पिशवी उघडीच होती. नानीने तिच्यात हात घातला, ती पुडी बाहेर काढली आणि सोडली.

"हा त्याचा व्हता," ती म्हणाली, आणि तो जवळा तिने पुन्हा रस्त्याच्या कडेला पसरला.